खुनी सांगू नका, बाकी सगळं सांगा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत नव्यानं प्रसिद्ध झालेल्या कादंबऱ्यांची ओळख करून देणारी चौकट असते. गेल्या महिन्यात त्या चौकटीत एका रहस्यकादंबरीवर आठ-दहा ओळी आल्या होत्या आणि शेवटून दुसऱ्या ओळीत खुनी कोण, हे सांगून टाकलं होतं. नाव दिलं नव्हतं. पण त्या माणसाचा व्यवसाय दिला होता आणि अख्ख्या कादंबरीत तो व्यवसाय करणारं पात्र एकच आहे. डोळ्यांनी वाचणाऱ्याला पुढं काय येतंय याचा अंदाज आला, तर तो नजर खालच्या ओळीवर नेऊ शकतो. मी मात्र तो मजकूर मोठ्यानं वाचत होते आणि समोर आठ-नऊ माणसं कान देऊन बसली होती. त्यांना नजर वळवायची सोय नाही.

मी अंध आणि दृष्टी अधू झालेल्या श्रोत्यांसाठी कादंबऱ्या वाचते. काही समोर बसून, काही ध्वनिमुद्रित करून. पुढचं पुस्तक कोणतं घ्यायचं, हे श्रोतेच ठरवतात. ही निवड ते पुस्तक हातात घेऊन करू शकत नाहीत. चार पानं चाळावीत, मलपृष्ठावर काय लिहिलंय ते बघावं, मधलं एखादं पान उघडून भाषा पारखावी, हे तुम्हा-आम्हाला इतकं अंगवळणी पडलेलं असतं की त्याचं मोल कळत नाही. त्यांच्यासाठी हे सगळं काम आपली ती आठ ओळींची चौकट करते. तीनशे पानांची कादंबरी मोठ्यानं वाचायला साधारण नऊ-दहा तास लागतात. आमच्या बैठकींच्या हिशेबात हे कित्येक आठवडे झाले. म्हणून निवड करताना आमच्याकडे वाद होतो, मतं पडतात, आणि चौकटीतला शब्द न् शब्द कानांत घोळवला जातो.

मत बहुतेक वेळा तीन प्रकारांकडे जातं: रहस्य, प्रेमकथा आणि ऐतिहासिक. या तिन्हींची ओळख करून देताना आपले समीक्षक एकच साचा वापरतात. दोन ओळी कथानकाच्या, एक ओळ ‘ओघवत्या शैली’ची, एक मुखपृष्ठाची, आणि मग ‘वाचकांनी जरूर वाचावी’. हे तीन प्रकार वाचकाला तीन वेगवेगळी वचनं देत असतात आणि त्याप्रमाणे त्यांना प्रश्नही वेगळे विचारायला हवेत, एवढंच मला सांगायचं आहे. थोडं विस्तारानं सांगते, कारण हा विषय आमच्या रोजच्या जिव्हाळ्याचा आहे.

रहस्यकथेचं वचन सरळ आहे: उत्तर पुस्तकातच आहे, शोध. रोनाल्ड नॉक्स या इंग्रज लेखकानं १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम लिहून काढले होते. नॉक्स धर्मगुरू होता आणि स्वतः रहस्यकथा लिहायचा. त्याचा पहिलाच नियम असा, की गुन्हेगार कथेच्या सुरुवातीच्या भागात वाचकाला भेटलेला असला पाहिजे. गुप्तहेराला सापडलेला धागा वाचकालाही तिथल्या तिथं दाखवला पाहिजे, हाही एक नियम. गुप्त खोली किंवा भुयार एकापेक्षा जास्त नको, जुळी भावंडं आणायची तर वाचकाला आधी कल्पना द्यायची. पुढच्या कितीतरी चांगल्या लेखकांनी यांतले नियम जाणूनबुजून मोडले, ते ठीकच. पण खेळ बरोबरीचा असावा ही अपेक्षा टिकून राहिली. जो हा खेळ खेळायला बसलाय, त्याला कुणी आधीच उत्तर सांगितलं तर पुस्तकात उरतं काय?

आमचे श्रोते हा खेळ फार मन लावून खेळतात. पानं मागं उलटून बघता येत नाहीत, त्यामुळे सगळं स्मरणात ठेवावं लागतं. आमच्यातल्या एक मावशी किल्ली कुणाच्या हातून कुणाच्या हातात गेली, हे शंभर पानांनंतरही अचूक सांगतात. माझा आवाज जरा अडखळला तरी ‘इथं काहीतरी आहे’ म्हणतात. यासाठी बैठकीत वाचायची रहस्यकादंबरी मी आधी शेवटपर्यंत वाचतच नाही. मला ठाऊक असलं की माझ्या आवाजाला ते लपवता येत नाही. ध्वनिमुद्रण करायचं असेल तर मात्र आधी वाचावंच लागतं आणि तिथं आमची खरी परीक्षा असते. समजा, रात्री एक अनोळखी माणूस फोनवर धमकी देतो आणि शेवटी कळतं, की तो घरातलाच कुणी होता. त्या फोनला आवाज कोणता द्यायचा? घरातल्या त्या माणसाचा दिला तर रहस्य तिथंच फुटलं. अगदीच निराळा दिला तर ऐकणाऱ्याची फसवणूक झाली, कारण कागदावर आवाज नसतो आणि लेखकानं खोटं काहीच सांगितलेलं नसतं. अशा जागी मी कुजबुजीत वाचते. कुजबुजताना सगळेच आवाज बरेचसे सारखे होतात. एका वाक्यासाठी आम्ही इतका जीव टाकतो, आणि चौकटीतली एक ओळ ते सगळं मातीमोल करते.

हे जपायला हवं, हे प्रकाशकांनाही पूर्वीपासून कळत होतं. १९२९ च्या सुमारास एका अमेरिकन प्रकाशकानं रहस्यकादंबऱ्यांचा शेवटचा भाग सीलबंद करून विकायला सुरुवात केली होती. सील न फोडता पुस्तक परत आणलं तर पैसे परत. लंडनमध्ये १९५२ साली सुरू झालेल्या एका रहस्यनाटकाच्या शेवटी तर आजही प्रेक्षकांना विनंती केली जाते, की गुन्हेगार कोण हे बाहेर जाऊन सांगू नका. इतकी वर्षं हजारो अनोळखी माणसांनी ही विनंती मानली आहे.

यावर एक उत्तर मला ऐकवलं जातं, म्हणून त्याचाही विचार केला. कॅलिफोर्नियातल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. शेवट आधी सांगितलेल्या लघुकथा वाचकांना उलट जास्तच आवडल्या, असं त्यात दिसलं होतं. प्रयोग खरा आहे. पण २०१५ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी अशीच तपासणी केली, तेव्हा शेवट ठाऊक नसलेल्या कथा अधिक रंजक आणि उत्कंठेच्या वाटल्याचं आढळलं. शास्त्रज्ञांचं एकमत व्हायचं तेव्हा होवो. छोटी कथा अर्ध्या तासात संपते. कित्येक आठवडे दर बैठकीला नवा संशयित पकडायचा आणि पुढच्या बैठकीला सोडून द्यायचा, हा आनंद त्या प्रयोगात मोजलेला नव्हता.

नुसतं खुन्याचं नाव टाळून भागत नाही. ‘शेवटी असा धक्का बसतो की विश्वासच बसत नाही’ हे वाक्यसुद्धा घातक आहे. ते ऐकलं की आमचे श्रोते सगळ्यांत निष्पाप पात्रावर पहिल्या पानापासून डोळा ठेवतात, आणि दहापैकी सहा वेळा बरोबर ठरतात. १९२६ साली एक इंग्रजी रहस्यकादंबरी आली. तिच्या शेवटावरून ‘हे नियमात बसतं का’ म्हणून वाचकांत भांडणं झाली. तिचं नाव मी इथं लिहीत नाही, कारण ज्यानं ती अजून वाचली नसेल त्याचं मला नुकसान करायचं नाही. शंभर वर्षं व्हायला आली तरी ते जपण्यासारखं आहे.

मग सांगायचं काय? पुष्कळ आहे. तपास पोलीस करतात, की शेजारची निवृत्त बाई? खून एका बंद घरातल्या दहा माणसांत झालाय, की अख्ख्या शहरात? कोडं महत्त्वाचं, की माणसाच्या मनातला काळोख? हिंसा किती उघडी आहे, लहान मुलांवरचे अत्याचार आहेत का? हे आधी कळलं तर ज्यांना सोसत नाही ते त्या दिवशी घरी राहतील. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, ही मालिकेतली कितवी कादंबरी आहे? आजकाल निघणाऱ्या नव्या रहस्यकादंबऱ्यांत मालिकांचा भरणा आहे. चौथ्या भागात पहिल्या तिन्ही भागांतले गुन्हेगार सहज बोलता बोलता उघड केलेले असतात. आपल्या चौकटीत मालिकेचा क्रमांक मी आजवर क्वचितच पाहिला.

आता प्रेमकथा. इथं माझी तक्रार सांगण्याबद्दल नाही, सांगण्याच्या सुराबद्दल आहे. प्रेमकादंबरीच्या वाट्याला दोन ओळी येतात आणि त्यांत ‘हलकीफुलकी’, ‘प्रवासात वाचायला बरी’, ‘महिला वाचकांना आवडेल’ असलं काहीतरी असतं. रहस्यकथा प्रवासात वाचत नाहीत का? पुरुषांनी प्रेम करायचं सोडून दिलं आहे का? आमच्या बैठकीत प्रेमकादंबरी सुरू असते तेव्हा सर्वांत आधी येऊन बसणारे दोघं पुरुष आहेत, एक विधुर आणि एक अजून लग्नाचा.

प्रेमकथेचं वचन रहस्यकथेच्या नेमकं उलटं असतं. शेवट ठाऊकच असतो. अमेरिकेतल्या प्रेमकादंबरी लेखकांच्या संघटनेनं व्याख्याच तशी केलेली आहे: कथेच्या केंद्रस्थानी प्रेम हवं आणि शेवट समाधानाचा, आशेचा हवा. दोघं एकत्र येणार हे इथं गृहीतच असल्यामुळे ते सांगून कुणाचं काही बिघडत नाही. समीक्षकानं विचारायचा प्रश्न असा, की त्या दोघांच्या मध्ये उभं काय आहे? पाच मिनिटं समोरासमोर बसून बोलले असते तर मिटलं असतं, असा गैरसमज तीनशे पानं ताणलेला असेल तर तसं स्पष्ट लिहावं. आमच्याकडे अशा वेळी श्रोते अक्षरशः ओरडतात, ‘अरे, विचार की तिला!’ पण मध्ये जर खरंच काही असेल, एखादं न फिटलेलं दुःख, पहिल्या जोडीदाराची आठवण, एकाकडे पैसा आणि दुसऱ्याकडे फक्त मान, पूर्वी एकदा झालेला विश्वासघात, तर ती कादंबरी माणूस समजून घ्यायला मोठमोठ्या गंभीर ग्रंथांइतकीच उपयोगी पडते. हे मी विचार करून लिहिते आहे. साठीतल्या माणसांची दुसरी प्रेमं, घटस्फोटानंतर धास्तावलेल्या बायका, आजारपणात जमलेली नाती, हे सगळं हल्लीच्या प्रेमकादंबऱ्यांत येतं. त्यावर दोन ओळी अपुऱ्या आहेत.

आमच्यात जन्मापासून अंध असलेली एक महाविद्यालयीन मुलगी आहे. कादंबरीत नायक किंवा नायिका अंध असली की ती सावध होते. जुन्या कादंबऱ्यांत अशा पात्राला शेवटी बक्षीस म्हणून दृष्टी मिळते. शस्त्रक्रिया यशस्वी, पट्टी निघते, पहिला चेहरा प्रियकराचा. अशी एक वाचून संपवली तेव्हा ती म्हणाली, “ताई, ती आहे तशीच राहून सुखी झाली असती तर लेखकाचं काय जात होतं?” नव्या कादंबऱ्यांत हे बदलतंय का, हे तिला आधी जाणून घ्यायचं असतं. असं सांगणं म्हणजे शेवट फोडणंच नाही का, असं कुणी विचारील. प्रेमकथेत नाही. एखादं पात्र ज्या देहात, ज्या परिस्थितीत आहे त्याकडे कथा मायेनं बघते, की दुरुस्त करायची चूक म्हणून बघते, ही पारख आहे आणि ती समीक्षकानंच करून द्यायची असते.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट, संकोच न करता लिहिते. शृंगाराची वर्णनं किती मोकळी आहेत, हे चौकटीत यावं. त्या वर्णनांना माझी हरकत नाही. काही लेखक शयनगृहाच्या दाराशी थांबतात, काही आत नेतात. दोन्ही प्रकार चांगले लिहिलेले असू शकतात. पण एक पुस्तक मी सगळ्यांसमोर वाचणार आहे आणि दुसरं ध्वनिमुद्रित करून एकेकाच्या कानात देणार आहे, हे मला पहिल्या दिवशी ठरवावं लागतं.

ऐतिहासिक कादंबरीबद्दल आमच्याकडे सर्वांत जास्त बोलणं होतं. घड्याळं दुरुस्त करण्यात आयुष्य गेलेले एक काका आहेत. काचबिंदूनं त्यांची नजर गेली. पंधराव्या शतकात घडणाऱ्या एका नव्या कादंबरीत नायक ‘भिंतीवरच्या घड्याळाचा मिनिटकाटा सरकताना’ बघत बसतो, असं वाक्य आलं. काकांनी मला तिथंच थांबवलं. हायगेन्स या डच शास्त्रज्ञानं लंबकाचं घड्याळ केलं ते १६५६ मध्ये. त्याआधीच्या घड्याळांना बहुधा एकच काटा, तासाचा. मिनिटं दाखवण्याइतकी ती घड्याळं नेमकी चालतच नव्हती. त्या क्षणापासून काकांचा लेखकावरचा विश्वास उडाला. पुढं युद्ध आलं, दुष्काळ आला, प्रत्येक ठिकाणी ‘हे तरी खरं का?’ हाच प्रश्न. त्याच पुस्तकाला आपल्या चौकटीत ‘अत्यंत संशोधनपूर्ण’ म्हटलं होतं. समीक्षकाला प्रत्येक काटा तपासता येणार नाही, हे मला मान्य आहे. पण मग ‘संशोधनपूर्ण’ हा शेरा कशाच्या बळावर दिला?

एक सोपी कसोटी आहे. पुस्तकाच्या शेवटी लेखकानं टीप दिली आहे का? कोणती माणसं खरी, कोणती रचलेली, कुठं दोन घटना जवळ आणल्या, कुठं पुरावाच नव्हता म्हणून कल्पना केली, हे प्रामाणिक लेखक पान-दोन पानांत सांगून टाकतो. कल्पना करायचा त्याला पूर्ण अधिकार आहे. इतिहासानं जिथं हात टेकले तिथूनच तर कादंबरीचं काम सुरू होतं. मात्र खऱ्या, नामवंत माणसाच्या तोंडी रचलेलं वाक्य घालायचं आणि ते रचलेलं आहे हे कुठंच कळू द्यायचं नाही, हे मला पटत नाही. अशी वाक्यं पुढं भाषणांत खरी म्हणून उद्धृत होतात. टीप आहे की नाही, हे चौकटीत चार शब्दांत मावतं.

ऐतिहासिक म्हणायचं तरी कशाला? इंग्रजीत ऐतिहासिक कादंबरीसाठी वॉल्टर स्कॉट यांच्या नावानं एक पुरस्कार आहे. कथा निदान साठ वर्षांपूर्वीच्या काळात घडलेली असावी, अशी त्याची अट आहे. स्कॉट यांनी १८१४ मध्ये आपल्या पहिल्या कादंबरीला जे उपशीर्षक दिलं, त्यात ‘साठ वर्षांपूर्वी’ असे शब्द होते. तिथून ही अट आली. या हिशेबानं १९६० च्या आसपासचा काळ आता ऐतिहासिक झाला. म्हणजे आमच्या बैठकीतल्या तिघा-चौघांचं तरुणपण. त्या काळावरच्या नव्या कादंबऱ्या त्यांना मुद्दाम ऐकायच्या असतात, आणि कादंबरी कोणत्या वर्षांत घडते हे आपल्या ओळखीत पुष्कळदा नसतंच; ‘एका गतकाळाचं चित्रण’ एवढंच असतं. साल लिहा, कृपा करून.

वंशावळी आणि नकाशे यांचंही सांगते. जाड ऐतिहासिक कादंबरीच्या सुरुवातीला घराण्याचा वृक्ष छापलेला असतो. तो वाचून दाखवायला मला अर्धी बैठक लागते आणि तरी कुणाच्या ध्यानात राहत नाही. आता मी तो तुकड्या-तुकड्यांनी, पात्र पहिल्यांदा येईल तेव्हा सांगते. परक्या नावांचे उच्चार शोधण्यात एखादी संध्याकाळ जाते ती वेगळीच. पात्रांचा पसारा मोठा आहे, एवढं जरी चौकटीत लिहिलेलं असलं तरी आम्ही तयारीनं बसू.

हल्ली हे प्रकार एकमेकांत मिसळतात. जुन्या काळातला खून, त्याचा तपास करणारे दोघं आणि तपासात जुळलेलं प्रेम, सगळं एकाच पुस्तकात. अशा पुस्तकाला कोणत्या खणात घालावं याची काळजी समीक्षकांनी करू नये. फक्त त्यातलं रहस्य तेवढं रहस्य राहू द्यावं.

नवं पुस्तक सर्वांसाठी एकाच दिवशी नवं नसतं, हेही आपल्या वाचकांना ठाऊक असावं. अंध वाचकांसाठी पुस्तकांच्या सुगम (ब्रेल, श्राव्य वगैरे) प्रती हक्कधारकाची वेगळी परवानगी न घेता करता याव्यात, यासाठी २०१३ मध्ये मराकेश करार झाला. त्यामुळे मोठी वाट मोकळी झाली. तरी अशी प्रत तयार व्हायला वेळ लागतोच. प्रकाशकानं छापील पुस्तकाबरोबरच ई-पुस्तक काढलं, आणि ते चित्रांच्या स्वरूपात न काढता खऱ्या अक्षरांत काढलं, तर ती महाविद्यालयीन मुलगी फोनवरच्या वाचक-आवाजाकडून त्याच रात्री ते वाचून घेते, तेही दुप्पट वेगानं. माझी गरजच उरत नाही. मला त्याचा आनंदच होईल. म्हणून पृष्ठसंख्या, किंमत आणि मुखपृष्ठकार यांच्या शेजारी आणखी तीन गोष्टी छापाव्यात, अशी विनंती आहे: ई-पुस्तक आहे का, श्राव्य आवृत्ती आहे का, आणि असल्यास आवाज कुणाचा. अनुवाद असेल तर अनुवादकाचं नावही. तेही कधी कधी गळतं.

समीक्षकांना जागा कमी मिळते याची मला जाणीव आहे. पण ‘ओघवती शैली’ आणि ‘जरूर वाचावी’ हे काढलं तर दोन ओळी मोकळ्या होतात, आणि मी वर मागितलेलं बरंचसं त्यांत बसतं. ‘इथून पुढं रहस्य उघड होतं’ अशी सूचना द्यायची झाली तर ती त्या मजकुराच्या आधी द्यावी, खाली कंसात देऊ नये.

मागच्या रविवारी आपण ज्या दोन नव्या रहस्यकादंबऱ्यांची ओळख छापली, त्यांपैकी दुसरी मालिकेतली पहिली आहे की मधली, हे येत्या पुरवणीत कळवावं. आमच्याकडे तिच्या बाजूनं जास्त मतं पडली आहेत आणि तेवढ्यासाठी वाचन सुरू करायचं थांबवलं आहे.

कळावे,
आपली,
एक नियमित वाचक